अरण्यप्रदेशांतील विद्यापीठ आणि विद्यार्थ्यांचीं मंडळें

जूनअखेरीस पावसाच्या पहिल्या सरी येऊन गेल्या, म्हणजे गडचिरोलीच्या एस्. टी. स्थानकावर दरवर्षीं एक दृश्य दिसूं लागतें. एटापल्ली, भामरागड, कोरची, सिरोंचा अशा दूरदूरच्या तालुक्यांतून आलेल्या गाड्यांतून मुलें आणि मुली उतरतात. हातांत पेटी किंवा खांद्यावर फुगलेली पिशवी, बरोबर बहुधा वडील नाहींतर थोरला भाऊ, आणि खिशांत महाविद्यालयाच्या प्रवेशाचे कागद. वडील वसतिगृहाची चौकशी करितात, फी भरितात आणि परतीच्या गाडीनें निघून जातात. मागें राहिलेल्या त्या मुलास तासांचें वेळापत्रक मिळतें, पुस्तकें मिळतात. परंतु तास संपल्यावर संध्याकाळीं काय करावयाचें, कोणाशीं बोलावयाचें, हें त्यास कोणी सांगत नाहीं. विद्यार्थी-मंडळांचा प्रश्न, खरें म्हटलें तर, तेथून सुरू होतो.

ज्या विद्यापीठाच्या छत्राखालीं हीं मुलें येतात तें गोंडवाना विद्यापीठ वयानें फार लहान आहे. नागपूरचें विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें आणि त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षें चांद्याकडील विद्यार्थी हा नागपूर विद्यापीठाचाच विद्यार्थी गणला गेला. १९८२ च्या ऑगस्टमध्यें जुन्या चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, आणि २७ सप्टेंबर २०११ रोजीं या दोन जिल्ह्यांपुरतें नवें विद्यापीठ गडचिरोली येथें स्थापन करण्यांत आलें. ज्यास गडचिरोली हेंच मोठें शहर वाटतें त्या मुलास नागपूरच्या महोत्सवांत रंगमंचावर उभें राहण्याचा योग पूर्वीं क्वचितच येत असला पाहिजे. आतां विद्यापीठ जवळ आलें, तरी अंतर मिटलें असें मात्र नव्हे. सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारें दोनशें किलोमीटर दूर आहे. पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षें बंद पडत आला आहे. आणि गडचिरोली जिल्ह्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग आजहि अरण्यानेंच व्यापिलेला आहे. पुण्याच्या विद्यार्थ्यास तालमीला जावयाचें तर दुचाकीस टांच मारिली कीं झालें; येथें तालमीला जाणें हा प्रवास असतो.

अंतराहूनहि मोठी अडचण भाषेची. या भागांतील एखाद्या वर्गांत डोकावून पाहिलें तर चारपांच भाषा एका बाकावर बसलेल्या आढळतील. भामरागडकडील मुलगा घरीं माडिया बोलतो, सिरोंच्याची मुलगी तेलुगू, कोरचीकडील विद्यार्थी छत्तीसगढी, मुलचेऱ्याच्या बाजूचा बंगाली, कारण पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती तेथें आहेत, आणि ब्रह्मपुरी-नागभीडचा आपली झाडीबोली. शिक्षण मराठींत, आणि वक्तृत्व-स्पर्धेंतील मराठी तर पाठ्यपुस्तकाहूनहि भरजरी! अशा ठिकाणीं वक्तृत्व-मंडळाची सूचना फलकावर लागली कीं नांवें येतात तीं बहुधा शहरांतल्या मुलांचीं. माडिया बोलणारा मुलगा मागच्या बाकावर गप्प बसतो आणि त्यास बुजरा ठरवून आपण मोकळे होतों. तो बुजरा आहे कीं परक्या भाषेंत, परक्या नियमांनीं, घड्याळ लावून बोलावयास सांगितल्यामुळें मुका झाला आहे, याचा विचार मंडळ चालविणाऱ्यांनीं करावयास हवा.

या विचारास लागणारें उदाहरण विद्यापीठाच्या अगदीं शेजारीं पडलेलें आहे. धानोरा तालुक्यांत मेंढा नांवाचें गोंडांचें एक लहान गांव आहे. लेखा या गांवाजवळ असल्यामुळें लोक त्यास मेंढा-लेखा म्हणतात. १९८० नंतरच्या दशकांत तेथें देवाजी तोफा आणि ग्रामस्थ यांनीं, वृक्षमित्र संस्थेच्या मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहाय्यानें, अभ्यासगट चालविण्यास आरंभ केला. त्यांची पद्धति मोठी मार्मिक होती. निर्णय घ्यावयाचा तो ग्रामसभेनें, आणि तोहि बहुमतानें नव्हे, सर्वसंमतीनें. अभ्यासगटानें निर्णय घ्यावयाचाच नाहीं; त्यानें फक्त माहिती काढावयाची, शंका विचारावयाच्या, बाहेरच्या जाणत्यास बोलावून त्याच्याशीं वाद घालावयाचा. जंगलाचे कायदे काय आहेत, मोहोळांना इजा न करितां मध कसा काढतां येईल, असे विषय त्या गटांत चर्चिले गेले. ज्याला यावयाचें त्यानें यावें, कंटाळा आला तर उठून जावें. २००९ सालीं या गांवास सुमारें अठराशें हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क देशांत प्रथम मिळालेल्या गांवांपैकीं तें एक होय. त्या हक्कामागें किती संध्याकाळचें बोलणें होतें याचा हिशेब कोणी ठेविला नसेल.

महाविद्यालयांतील मंडळास यांतून घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ज्या बैठकींत कोणी जिंकावयाचें नसतें तेथें मागच्या बाकावरचा मुलगाहि तोंड उघडतो. ढाली-करंडकांची निंदा करण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकानें १९६३ पासून मराठी रंगभूमीस किती नट आणि लेखक दिले हें सर्वश्रुत आहे. परंतु ज्याच्या घराण्यांत महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच, त्यास आधीं बोलावयास निमित्त हवें. करंडक त्यानंतर.

दुसरें उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे, आणि श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरांतील वडीलधाऱ्या माणसांनीं तें प्रत्यक्ष पाहिलेंहि असेल. मूल गांवाजवळच्या सोमनाथ येथें बाबा आमटे यांना १९६७ च्या सुमारास जमीन मिळाली. वरोऱ्याच्या आनंदवनांत बरे झालेले कुष्ठरोगी तेथें शेती करूं लागले. भिंती आणि परीक्षा नसलेलें एक श्रमिक विद्यापीठ तेथें उभारावें, ही बाबांची कल्पना. तें विद्यापीठ त्यांनीं रेखाटिल्याप्रमाणें कधीं उभें राहिलें नाहीं. परंतु त्या निमित्तानें सुरू झालेली तरुणांची श्रमसंस्कार छावणी मात्र रुजली. १५ ते २२ मे हा तिचा आठवडा. विदर्भांतील मे महिना ज्यांनीं अनुभविला आहे त्यांस त्या तारखांचा अर्थ सांगावयास नको. सकाळीं उन्हें चढण्यापूर्वीं कुदळ-फावडें, दुपारीं व्याख्यान आणि वाद, रात्रीं गाणीं. मुंबई-पुण्याचीं, नागपूर-कोल्हापूरचीं मुलें तेथें जमत. त्या काळीं कुष्ठरोग्याच्या हातचें पाणीहि न घेण्याची रीत कितीएक सुशिक्षित घरांत होती. आणि त्याच घरांतला मुलगा येथें त्यांनीं पिकविलेल्या शेतावर, त्यांच्या शेजारीं पंक्तीस बसे. घरीं परतल्यावर हें सांगावें कीं लपवावें, हा पेंच कित्येकांस पडला असेल. पुढें २३ डिसेंबर १९७३ रोजीं हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९८५ च्या डिसेंबरांत शंभरावर तरुणतरुणी बाबांसमवेत कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाल्या, त्या कार्यांस लागणारें मनुष्यबळ अशाच वातावरणांतून तयार झालें.

तथापि येथें एक गोष्ट मोकळेपणानें बोलली पाहिजे. छावणीचा हा संस्कार मुख्यतः शहरांतील मुलांसाठीं होता. ज्याच्या हातास कधीं घट्टा पडला नाहीं त्यास कुदळ देणें यांत कांहीं शिक्षण आहे. पण ज्याची आई रोज धानाच्या बांधींत वांकलेली असते, जो स्वतः उन्हाळ्यांत तेंदूपान तोडून आणि मोहफुलें वेंचून फीचे पैसे उभे करितो, त्यास श्रमदान हा संस्कार कसला? राष्ट्रीय सेवा योजना गांधी-शताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, देशांतील ३७ विद्यापीठांत चाळीस हजार विद्यार्थी घेऊन सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक सात दिवसांचें ग्रामशिबिर हा तिचा नेम. गडचिरोलीच्या वनांतल्या महाविद्यालयांतहि तोच नेम लागू होतो. मग खेड्यांतून आलेल्या मुलांस पुन्हां खेड्यांतच नेऊन रस्ता झाडावयास लावणें हा प्रकार थोडा विनोदी होतो. त्याच सात दिवसांत त्यांना गांवच्या विहिरींची नोंद घेणें, वनहक्काचा दावा भरणें, तहसील कचेरींतून आलेला कागद वाचून त्यास लेखी उत्तर देणें, हें शिकविलें तर त्या शिबिराची आठवण गांव काढील. शोधग्रामांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें २००६ पासून ‘निर्माण’ या नांवानें तरुणांचीं शिबिरें चालविलीं आहेत. त्यांत कुदळीपेक्षां प्रश्नास मान अधिक. शिकलेल्या विद्येचें आपण करणार काय, हा तो प्रश्न.

राहिलें स्नेहसंमेलन. वर्षभर ज्या मुलांनीं मंडळाचें तोंड पाहिलें नाहीं तींहि या दिवसांत धांवपळ करूं लागतात. तें साहजिक आहे, कारण हा प्रदेशच नाटकवेडा. दिवाळी सरली, धान घरांत आलें, कीं झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंज हें मंडळ्यांचें ठाणें. शंकरपटाच्या किंवा मंडईच्या निमित्तानें गांवोगांवीं मांडव पडतात, रात्रीं पडदा वर जातो आणि पहांटेपर्यंत प्रेक्षक हालत नाहींत. याच रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. एवढें धन दारांत असतां महाविद्यालयाच्या रंगमंचावर मात्र बोलपटांतील गाण्यांवरचीं नृत्येंच पाहावयास मिळावीं, हें चमत्कारिक नव्हे काय? ज्याचा काका खेड्यांत झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक रंगवितो त्या विद्यार्थ्यास संमेलनाच्या मंडळांत पडदा ओढण्याचें काम मिळूं नये!

‘रेला’ नृत्याविषयीं दोन्ही बाजूंनीं बोलतां येतें. गांवांत रेला रात्रभर चालतो. त्यास प्रेक्षक नसतात, सारेच नाचणारे. युवक-महोत्सवांत तेंच नृत्य मोजक्या मिनिटांत कापून, परीक्षकांकडे तोंड करून नाचावें लागतें. ढोलाची लय चढूं लागावी तों घंटा वाजते. हें पाहून जाणत्यास हळहळ वाटेल. परंतु तालमीच्या मैदानावर निराळें घडतें. तेथें पाय कसा टाकावयाचा हें माडिया मुलीस ठाऊक असतें आणि चंद्रपूरच्या वकिलाच्या मुलीस ठाऊक नसतें. वर्षभर जी मराठी उच्चारांसाठीं हंसली गेली तीच आतां शिकविते, आणि हंसणारी चुकते, पुन्हां रांगेच्या शेवटीं जाऊन उभी राहते. पारितोषिक मिळो न मिळो, वसतिगृहांतील जेवणाच्या वेळीं त्या दोघी शेजारीं बसल्या म्हणजे एका शर्यतीचा निकाल लागला. आणि हा संघ निवडला जाऊन महाराष्ट्राच्या विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवास निघाला, तर त्यांतील कित्येकींचा तो जिल्ह्याबाहेरचा पहिलाच मुक्काम असण्याचा संभव असतो.

एक मुद्दा मात्र क्षुल्लक वाटला तरी सोडून देण्याजोगा नाहीं, तो वेळेचा. फलकावर ‘सभा सायंकाळीं पांच वाजतां’ असें लिहिलें म्हणजे आसपासच्या खेड्यांतून रोज ये-जा करणारीं मुलें आपोआप वगळलीं जातात. पांचाच्या सुमारास तीं गाडीच्या थांब्यावर असतात. मुलींच्या बाबतींत तर अंधारापूर्वीं घर गांठणें ही महाविद्यालयांत जाऊं देण्याचीच अट असते. त्यांनीं सभेस यावें म्हणून उपदेश करण्यांत अर्थ नाहीं. सभेनेंच त्यांच्याकडे जावें. मधल्या सुटींत, व्हरांड्यांत, डबे उघडून बसलें तर ध्वनिक्षेपक लागत नाहीं, हारतुरे लागत नाहींत, एकाची चटणी दुसऱ्याच्या डब्यांत जाते, आणि अध्यक्षस्थानीं कोणी बसावें हा वाद निघण्यापूर्वींच पुढच्या तासाची घंटा होते.