शस्त्रक्रियेनंतर पुन्हा फुगणाऱ्या नीला
(संगमेश्वर येथील आरोग्यविषयक व्याख्यानाचा सारांश)



‘डॉक्टर, शिरा काढल्या होत्या ना? मग परत आल्या कशा?’ हा प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाच्या स्वरात वेदनेपेक्षा फसवले गेल्याची भावना अधिक असते. म्हणूनच कित्येक जण पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. घोट्यावरील व्रण मात्र वर्षानुवर्षे वाहत राहतो.

खाडीकाठच्या आपल्या मंडळींना खारबंधाऱ्याची उघाडी ठाऊक आहे. ओहोटीला शेतातील पाणी बाहेर सोडणारे आणि भरतीला आपोआप मिटणारे ते दार. पायांतील नीलांमध्ये अशाच झडपा असतात. त्या निकामी झाल्या की हृदयाकडे जाणारे रक्त खाली उतरते, तुंबते आणि नीला फुगते.

जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९०-९१ च्या सुमारास ही नीला मांडीत बांधण्याची पद्धत प्रचारात आणली. परंतु जांघेतील मुख्य सांध्याजवळच्या शाखा तशाच राहत आणि रक्त त्यांतून वाट काढी. पुढे नीला जांघेतच बांधून काढून टाकू लागले, तरी पुनरुद्भव थांबला नाही. कधी एखादी शाखा नजरेतून सुटते. कधी गुडघ्यामागील नीला किंवा खोल नीलांना जोडणाऱ्या वाहिन्या सदोष असतात, पण तपासल्याच जात नाहीत. कधी तर निर्दोष शस्त्रक्रियेनंतरही जांघेतील व्रणात नव्या सूक्ष्म, झडपहीन नीला तयार होतात. शिवाय मूळ प्रवृत्ती, गर्भारपण, स्थूलता आणि लावणीतील किंवा दुकानातील तासन्‌तास उभे राहणे हे सारे शस्त्रक्रियेनंतरही उरतेच. तेव्हा दोष दर वेळी शल्यविशारदाचाच असतो असे नाही; अर्थात, दर वेळी नसतो असेही मी म्हणणार नाही!

उपचारापूर्वी उभ्या स्थितीत कलर डॉप्लर तपासणी अत्यावश्यक आहे. रक्त नेमके कोठून उलटते आणि खोल नीला मोकळ्या आहेत काय, हे तिच्यावाचून कळत नाही. जुन्या व्रणातून जांघ पुन्हा उघडणे जोखमीचे असल्याने आता शक्यतो लेसर वा रेडिओफ्रीक्वेन्सीने सदोष नीला आतून बंद करतात. वेड्यावाकड्या शाखांत औषधी फेस टोचतात. दाबमोजे उपयुक्त खरे, परंतु पायाच्या रोहिणीतील रक्तप्रवाह तपासल्याशिवाय ते घालू नयेत, विशेषतः मधुमेहींनी.

फुगलेली नीला अकस्मात फुटून रक्तस्राव झाल्यास घाबरून वर दोरी आवळू नये. रुग्णास आडवे निजवावे, पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने त्या जागी घट्ट दाबावे आणि तसेच रुग्णालयात न्यावे.