नव्या कंठांस हांक



यंदा तुम्हीं हायस्कुलांत पाऊल टाकिलें आहे. या वयांत मुलांचा आवाज फुटतो आणि कित्येकजण लाजून गायनमंडळ सोडितात. तसें करूं नका. आवाज स्थिरावेपर्यंत वडीलधाऱ्यांशेजारीं उभे राहून हलक्या स्वरांत गा. तेवढ्यांत कान तयार होतो. मुलींनो, तुम्हांलाही हेंच आमंत्रण.

फादर थॉमस स्टीफन्स यांचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें. परंतु लॅटिन मिस्सेंत मातृभाषेस वाट मोकळी झाली ती व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या निर्णयानें, जवळजवळ साडेतीन शतकांनीं! इतक्या प्रतीक्षेनें लाभलेली मराठी उपासना आमच्या कळंबच्या देवळांत तुमच्यावांचून मुकी राहूं नये. येत्या तालमीस अवश्य या.