काटामारी आणि मोबाइल
(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोबाइल, इंटरनेट आणि त्यांतील सुरक्षितता या विषयावर मी बोलावे अशी सूचना आली तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. मी या शास्त्राचा जाणकार नव्हे. परंतु माळेगाव, सुपे, भवानीनगर, बावडा अशा गावांतून हिंडताना लोक या विषयावर काय बोलतात ते वर्षभर कानांवर पडत राहिले आहे. त्या बोलण्याचा विचार करण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही.

तीन मते मी वारंवार ऐकली. पहिले, आपल्या खात्यात आहेच काय, जे कोणी नेईल? दुसरे, आपल्याकडे लपवण्यासारखे काही नाही. आणि तिसरे, जो फसला तो लोभाने तरी फसला किंवा मूर्खपणाने तरी. पहिली दोन मते निरागस आहेत, अनुभव आला की गळून पडतात. तिसरे मात्र निरागस नाही. ते आपले कार्यकर्तेही बोलतात, आणि मीही ते बोललो आहे.

इंदापूर तालुक्यातील एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. आम्ही सर्व त्यांना मास्तरच म्हणतो. त्यांच्या व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ असे नाव असलेली एक फाइल आली. ती अनोळखी माणसाकडून आली नव्हती. त्यांच्या सख्ख्या भाच्याच्या क्रमांकावरून आली होती. मास्तरांनी ती उघडली, फोनने विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांना ‘हो’ म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तिवेतनाच्या खात्यातून रक्कम गेली. मास्तरांनी चार दिवस कोणाला सांगितले नाही. सूनबाईंना नाही, बँकेला नाही, पोलिसांना नाही. पुढे मला कळले तेव्हा माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : “मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्ही कसे फसलात?” त्यांनी मान खाली घातली. ते दृश्य मी विसरू शकलेलो नाही.

आता आपल्या भागातील दुसऱ्या एका फसवणुकीकडे पाहा. उसाच्या वजनात काटामारी झाली, तर त्या शेतकऱ्याला कोणी मूर्ख म्हणतो काय? ‘तू काट्याकडे डोळे उघडून का पाहिले नाहीस’ असे आपण त्याला विचारत नाही. आपण म्हणतो, काटा तपासा. वैधमापन खात्याच्या निरीक्षकाला बोलवा. बाहेरच्या काट्यावर वजन करून आलेली गाडी कारखान्याने नाकारता कामा नये. काटा हे यंत्र आहे, ते दुसऱ्याच्या ताब्यात आहे, त्याच्या आत काय चालते ते शेतकऱ्याला दिसत नाही, म्हणून जबाबदारी काटा चालवणाऱ्याची, हे आपल्या चळवळीने फार पूर्वी ओळखले. मोबाइल हाही असाच एक काटा आहे. फरक इतकाच की तो आपल्या खिशात असतो, आणि त्यामुळे तो आपल्याच ताब्यात आहे असा आपला समज होतो.

मास्तरांच्या फोनमध्ये काय घडले ते थोडे समजून घेऊ. ती फाइल म्हणजे चित्र किंवा कागद नव्हता, तो एक कार्यक्रम होता. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘एपीके’ ही अक्षरे असतात. गूगलच्या अधिकृत दुकानाबाहेरून तो फोनमध्ये शिरतो आणि संदेश वाचण्याची परवानगी मागतो. ती मिळाली की बँकेने पाठवलेला ओटीपी फोनधारकाच्या बरोबरीने चोरालाही कळतो. मास्तरांनी ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता! त्याहून वाईट असे की हाच कार्यक्रम पुढे फोनमधील ओळखीच्या लोकांना स्वतःची प्रत पाठवतो. भाच्याने काही पाठवले नव्हते. त्याचाही फोन आधीच घेतला गेला होता. म्हणजे चोराने वापरला तो मास्तरांचा लोभ नव्हे, तर नात्यावरचा विश्वास. ज्या विश्वासावर आपली खेडी उभी आहेत त्याच विश्वासावर हा धंदा उभा आहे.

आणि शहाणे फसत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातील कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण आठवावे. १९०६ साली स्थापन झालेली ही पुण्याची जुनी बँक. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत तिचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली खोटी यंत्रणा उभी केली. खरी यंत्रणा बाजूला राहिली आणि बनावट कार्डांवर अनेक देशांतील एटीएममधून पैसे निघत राहिले. आपल्या कोल्हापुरातूनही निघाले. १३ कोटींहून अधिक रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात वळवली गेली. त्या बँकेत संगणकाचा स्वतंत्र विभाग होता, पगारी तज्ज्ञ होते. तिच्या संचालकांना कोणी ‘तुम्ही शिकलेले, तुम्ही कसे फसलात’ असे विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बँकेवर तो ‘हल्ला’ ठरतो, मास्तरांवर मात्र तो त्यांचा ‘निष्काळजीपणा’ ठरतो!

हा शब्द मी मुद्दाम उच्चारला, कारण पुढील सारे भांडण त्याच शब्दावर होते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये व्यापारी बँकांसाठी आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी परिपत्रक काढले. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, तिसऱ्याच कोणी यंत्रणेत घुसून पैसे नेले, अशा प्रसंगी ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले तर त्याच्यावर काहीच बोजा पडू नये, असे त्यात म्हटले. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली. मास्तर पाचव्या दिवशी गेले तेव्हा खिडकीवरील माणसाने “तुम्हीच फाइल उघडली” असे सांगून त्यांना परत पाठवले. सिद्ध कोणी काय केले? त्यांच्याजवळ लेखी तक्रारीची पोचदेखील नव्हती. चार दिवस त्यांना घरात कोंडून ठेवले ते कायद्याने नव्हे, आपण केलेल्या थट्टेच्या भीतीने.

मी यंत्रविरोधी नाही. संगणकाला आपल्याच कामगार संघटनांनी एके काळी केलेल्या विरोधाच्या वादात मला आज शिरायचे नाही. रात्रीच्या विजेवर पंप चालू करण्यासाठी अंधारात बांधावरून जाणाऱ्या माणसाला मोबाइल स्टार्टरने घरात झोपू दिले, हे लहान काम नव्हे. पण तो स्टार्टर बसवताना बसवणाऱ्याने दिलेला संकेतांक आपण बदलत नाही. गोठ्यातल्या आणि डाळिंबाच्या बागेतल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या कार्यक्रमाने जगभरचे असेच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते केवळ साठेक ठरावीक नावे आणि पासवर्ड लावून पाहून. त्याच उपकरणांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली गेली. ‘आपल्याकडे नेण्यासारखे काही नाही’ याला हे उत्तर पुरे. तुमच्या गोठ्यातून काही नेले नसेल, पण तुमचा गोठा दुसऱ्याच्या घरावर चालून गेला असेल.

तेव्हा कामाचे बोलू. पतसंस्थेच्या आणि सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत आपण लाभांशावर तासभर भांडतो. त्याच सभेत विचारा की गेल्या वर्षी किती सभासदांचे पैसे असे गेले, किती तक्रारी नोंदल्या, किती परत मिळाले, आणि संगणकाची तपासणी बाहेरच्या माणसाकडून झाली काय. काही ठिकाणी पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला मी स्वतः वाचला आहे, तेव्हा हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. आपल्या प्रत्येक शाखेत १९३० हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात तेथे कळवले, तर ते पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता असते; दिवस उलटला की ते खात्याखात्यांतून पांगतात. त्यासोबत बँकेला लेखी कळवणे आणि पोच घेणे हे काम कार्यकर्त्याने अंगावर घ्यावे, जसे आपण रेशनकार्डाचे किंवा सातबाऱ्याचे घेतो. आणि माणूस सांगायला आला, की ‘कसे फसलात’ हा प्रश्न न विचारता ‘किती वाजता’ हा प्रश्न विचारावा.

मास्तरांचे पैसे अद्याप मिळालेले नाहीत. तक्रार आता लेखी झाली आहे. त्यांना मी आज येथे येण्याची विनंती केली होती. प्रथम त्यांनी नकार दिला, परवा निरोप पाठवला की येतो. ते मागच्या रांगेत बसले आहेत. फाइल कशी दिसत होती आणि फोनने कोणते प्रश्न विचारले ते त्यांनी फळ्यावर लिहून दाखवायचे कबूल केले आहे, म्हणून मी येथेच थांबतो.