शुश्रूषा, सहवास आणि श्वास
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज फुप्फुसांच्या जुनाट आजारातील शुश्रूषेविषयी आणि त्या आजारात पतिपत्नींच्या नात्याचे काय होते याविषयी बोलणार आहे. मी वैद्य नाही. औषधयोजना सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु घराघरांत ज्या गोष्टी बोलल्या जात नाहीत, त्यांना सभ्य आणि नेमके शब्द मिळवून देणे हे भाषेच्या अध्यापकाचे एक काम आहे, असे मी मानतो.

ज्या आजाराविषयी मी बोलतो आहे, त्याला डॉक्टर ‘सीओपीडी’ म्हणतात. आपण त्याला सरसकट दमा म्हणून मोकळे होतो. पण दोन्ही एक नव्हेत. दम्यात आकुंचित झालेल्या श्वासनलिका बहुधा पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसांचा लवचिकपणा हरवतो. रोग्याला श्वास घेता येत नाही असे आपल्याला वाटते. वास्तविक त्याला श्वास पुरता सोडता येत नाही. आधीची हवा आत अडकून राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ साली या आजाराने जगात सुमारे ३५ लाख माणसे दगावली. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा होता.

हा आजार केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, अशी समजूत दीर्घकाळ होती. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात, धूम्रपान न करणाऱ्यांनाही तो मोठ्या प्रमाणावर होतो, याकडे लक्ष वेधले. चुलीचा धूर हे त्याचे एक मोठे कारण. आपल्या आया-आज्यांनी ओल्या लाकडांपुढे बसून फुंकणीत जो श्वास घातला, त्याची किंमत कोणी मोजली नाही. बेळगाव जिल्ह्यात राहणाऱ्या आपणांस हा विषय परका नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी येथून दूर नाहीत, आणि ओतकामाचे कारखाने तर शहरातच आहेत. धूर आणि धूळ यांचा हिशेब फुप्फुसे वर्षानुवर्षे ठेवतात आणि उतारवयात तो पुढे मांडतात.

आता ‘जीवनमान’ या शब्दाकडे वळू. अर्थशास्त्रात तो पगार आणि घर यांच्याशी जोडलेला असतो. श्वसनाच्या रोग्याचे जीवनमान निराळ्या मापाने मोजावे लागते. धाप मोजण्याची एक पट्टी डॉक्टर वापरतात. तिच्यात शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवरचा मनुष्य सपाट रस्त्यावर शंभरेक मीटर चालून थांबतो. चौथ्या पायरीवरच्याला घराबाहेर पडवत नाही, अंगातला सदरा बदलतानाही धाप लागते. या पट्टीत जे लिहिलेले नाही ते असे: तो मनुष्य आधी देवळात जाणे सोडतो, मग लग्नकार्ये सोडतो, मग मित्रांशी फोनवर बोलणेही सोडतो, कारण वाक्य पुरे होत नाही. जो आपल्यात येत नाही, तो हळूहळू आपल्या हिशेबातूनही जातो.

अशा मनुष्याला औषधाइतकीच गरज असते ती शुश्रूषेची. हा शब्द संस्कृतातील ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूचे इच्छार्थक रूप आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातून पुढे आला. परिचर्येचे आधुनिक शास्त्रही रोग्याचे ऐकून घेणे यापासूनच सुरू होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या पुस्तकात पहिलेच प्रकरण रोग्याच्या खोलीतील शुद्ध हवेवर आहे. आपल्याकडे सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता निवर्तल्या; आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने मध्यमवर्गीय स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवली. ज्या कामाला समाज हलके समजत होता, त्याला तेथे प्रतिष्ठा मिळाली.

चांगली परिचारिका काय शिकवते, याची काही उदाहरणे देतो. नाकाने श्वास घ्यावा आणि बशीतला गरम चहा फुंकावा तसे ओठ चंबूसारखे करून, घेतल्याच्या दुप्पट वेळ लावून तो सोडावा. अडकलेली हवा त्याने बाहेर पडते. पंपाची सवय लागते ही भीती निराधार आहे. तो ओढण्याची पद्धत मात्र कोणीतरी समोर बसून तपासली पाहिजे. आंघोळ स्टुलावर बसून करावी. एका वेळी पोटभर न जेवता थोडे थोडे खावे. घरी प्राणवायूचे यंत्र असेल तर ते चूल, समई आणि उदबत्तीपासून दूर ठेवावे. रोग्याला घाबरे वाटले म्हणून प्राणवायू आपल्या मनाने वाढवू नये. काही रोग्यांत जास्त प्राणवायूही अपाय करतो. आणि धाप लागते म्हणून चालणे सोडू नये. देखरेखीखालील नियमित व्यायामाने फुप्फुसे नवी होत नाहीत, पण स्नायू सुधारतात आणि तेवढ्याच श्वासात मनुष्य अधिक चालू शकतो.

श्रोतेहो, येथवर सारे ऐकायला सोपे होते. यापुढचा भाग संकोचाचा आहे. आजार वाढू लागला की घरात एक दिवस अंथरुणे वेगळी होतात. रात्रीचा खोकला, उशांची चवड, यंत्राचा आवाज, अशी कारणे सांगितली जातात आणि ती खरीही असतात. पण त्यांच्या आड एक भीती असते. आपल्याला धाप लागेल आणि फजिती होईल, असे त्याला वाटते. आपल्यामुळे त्याला काही झाले तर, असे तिला वाटते. दोघेही एकमेकांना जपण्यासाठी दूर होतात आणि दोघांनाही वाटते की समोरच्याला आता आपण नकोसे झालो. हा गैरसमज एका वाक्याने दूर होण्याजोगा असतो. पण ते वाक्य कोणी उच्चारत नाही. रोगी स्त्री असेल तर हे मौन आणखी दाट होते, कारण तिच्या इच्छेविषयी विचारण्याची रीतच आपल्याकडे नाही.

वैद्यकशास्त्र याविषयी शांतपणे बोलते. शरीरसंबंधाचे श्रम साधारणतः दोन जिने चढण्याइतके असतात. आजार आहे म्हणून ते बंदच करावे, असा नियम नाही. हृदयविकार जोडीला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावे. जेवणानंतर लगेच नको, विश्रांतीनंतरची वेळ निवडावी. आधी कफ काढून टाकावा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आराम देणारा पंप घ्यावा. छातीवर भार येणार नाही असे पाहावे. प्राणवायूची नळी लावलेली असेल तर ती तशीच राहू द्यावी. खोलीत उग्र अत्तर नसावे. आणि यातले काहीच शक्य नसेल तेव्हाही हातात हात घेऊन बसणे, पाठीवरून हात फिरवणे, एका खोलीत झोपणे हे उरतेच. सप्तपदीतील सातवे पाऊल सख्यासाठी असते, हे आपण मंगलकार्यात ऐकतो. त्या सख्याची खरी गरज या वयात पडते.

हे सांगायचे कोणी? जॅक ॲनन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली अशा संभाषणासाठी चार पायऱ्या सुचवल्या. त्यांतली पहिली पायरी केवळ ‘अनुमती’ची आहे. “या आजारामुळे तुम्हां दोघांच्या सहजीवनात काही अडचण येते का?” एवढा प्रश्न परिचारिकेने आपण होऊन विचारला, तरी रोग्याला कळते की हे येथे बोलता येते. मराठीला ही अनुमती नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून, खटले आणि निंदा सोसून, या विषयावर स्वच्छ मराठीत लिहून दाखवले. शब्द तेव्हाही होते; ते वापरण्याचे धैर्य आपण पुढे नेले नाही.

शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीविषयी एक शब्द. बहुतेक घरांत ती पत्नी असते किंवा सून असते. तिला रजा नसते, वेतन नसते आणि तिची झोप कोणी मोजत नाही. पत्नी चोवीस तास परिचारिका झाली की ती पत्नी उरत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलाने, भावाने किंवा शेजाऱ्याने रोग्याजवळ बसावे आणि तिला मोकळे करावे. याचा लाभ दोघांच्याही नात्याला होतो.

शेवटी ग्रंथालयापुरते. वर्गणी भरून पुस्तक न्यायला न येणाऱ्या सभासदाला आपण विस्मरणशील समजतो. कदाचित तो आपला जिना चढू शकत नसेल. शताब्दीच्या निमित्ताने तीन सूचना करतो. अशा सभासदांची यादी करून त्यांना पुस्तके घरपोच द्यावीत. पुस्तक नेणाऱ्याने दारातून न परतता अर्धा तास बसावे. तेवढ्या वेळात घरातील व्यक्ती बाहेर जाऊन येईल. आणि आरोग्य व शुश्रूषेवरची मराठी पुस्तके वेगळ्या कपाटात, खालच्या मजल्यावर, कोणालाही न विचारता हाताळता येतील अशी ठेवावीत. त्यांत दाम्पत्यजीवनावरचीही असावीत. या तिन्हींना फारसा खर्च नाही. कार्यकारी मंडळाने त्यांचा विचार करावा, अशी विनंती करतो.