आपला चेंडू कोणता?
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. मी तो साभार परत केला. आपल्या बॅचमधले निम्मे लोक आयटीत आहेत आणि उरलेले चाकणला. संधी कुठे आहेत आणि ट्रॅफिक कुठे तुंबतं, हे सगळ्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. मी बेसबॉलवर बोलणार आहे. मागच्या बाकावरचं हसू ऐकलं बरं का मी.

आपल्या भागात मुलांच्या हातात बॅट दिसली की लोक क्रिकेटचंच विचारतात, आणि त्यात काही चूक नाही. आपल्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला. त्याने २८ नोव्हेंबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले. माझी मुलगी मात्र शाळेत सॉफ्टबॉल खेळता खेळता बेसबॉलकडे वळली. शालेय क्रीडा स्पर्धांत हे दोन्ही खेळ आहेत. मनपा, मग विभाग, मग राज्य अशा पायऱ्या असतात. शिवाय सुट्टीत निमंत्रित स्पर्धा असतात, म्हणजे पहाटे चारला उठून डबे भरायचे, गाडीत तीन मुली आणि पाच बॅटा कोंबायच्या आणि सोलापूरची वाट धरायची.

मी इंजिनिअर. जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही, असं आम्हाला वाटतं. म्हणून मी एक्सेलमध्ये तक्ता केला. तारीख, प्रतिस्पर्धी संघ, किती वेळा बॅटिंगला आली, किती हिट, किती वेळा आउट आणि शेवटचा रकाना ‘काय चुकलं’. हिरवे-लाल रंग लावले, आलेख काढला. नवरा म्हणाला, ‘अगं, हा तिचा खेळ आहे की तुझं प्रोजेक्ट?’ मी लक्ष दिलं नाही.

आलेख खाली जात राहिला. बेसबॉलमध्ये प्लेटच्या रुंदीएवढ्या आणि गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीच्या चौकटीतून गेलेला चेंडू सोडला तरी तो स्ट्राइक धरतात. तीन स्ट्राइक झाल्या की आउट. सोलापूरच्या त्या सामन्यात माझी मुलगी तीनदा आउट झाली आणि तिन्ही वेळा शेवटच्या चेंडूला तिने बॅट हलवलीसुद्धा नाही. चेंडू मधून गेला आणि ती बघत राहिली.

परतीच्या वाटेवर मोहोळपासून मी सुरू केलं. टेंभुर्णी गेलं, इंदापूर गेलं, मी बोलतेच आहे. भिगवणच्या जवळ ती म्हणाली, ‘आई, बॅट फिरवून चुकले तर तू घाई लिहितेस. नाही फिरवली तर भीती लिहितेस. मग मी करू काय? मला नाही खेळायचं आता.’ त्यानंतर निगडीपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

पुढचे दहा दिवस बॅट गॅलरीत पडून होती. अकराव्या दिवशी मी एकटीच तिच्या सरांना भेटायला मैदानावर गेले. माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मला जाळीमागे बसवून एक सराव दाखवला. पिचर चेंडू टाकते, समोरची मुलगी बॅट फिरवत नाही. चेंडू पिचरच्या हातातून सुटला की तिने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ ओरडायचं. बस्स. सर म्हणाले, ‘ताई, चांगली बॅटर प्रत्येक चेंडूला मनात हो म्हणूनच सुरुवात करते. हो, हो, हो... आणि चेंडू वाईट दिसला तरच शेवटच्या क्षणी नाही. तुमच्या मुलीची सुरुवात नाहीपासून होते. हो म्हणेपर्यंत चेंडू कॅचरच्या हातात असतो.’

मी घरी येऊन गणित मांडलं. (सवय जात नाही.) मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचरपासून प्लेटपर्यंत १८.४४ मीटर अंतर. चेंडू ताशी १४५ किलोमीटरने आला तर हातात साधारण ०.४ सेकंद, आणि त्यातला बराच वेळ बॅट फिरवण्यातच जातो. मुलींच्या सामन्यात वेग कमी असतो, पण म्हणून कोणी निवांत विचार करत बसू शकत नाही. म्हणजे विचाराचं काम चेंडू येण्याच्या आधी संपवावं लागतं. कुठला चेंडू आपला, हे आधी ठरलेलं हवं.

टेड विल्यम्स नावाच्या अमेरिकन खेळाडूने यावर पुस्तकच लिहिलं आहे. स्ट्राइकच्या चौकटीत त्याने ७७ चेंडू मांडले, सात आडवे आणि अकरा उभे, आणि प्रत्येक जागी आपली सरासरी किती पडेल ते लिहिलं. मधल्या, आवडत्या जागी ०.४००, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात ०.२३०. खेळाडू तोच, बॅट तीच, फरक फक्त निवडीचा. १९४१ मध्ये त्याची सरासरी ०.४०६ होती आणि ती आजही थोर मानली जाते. म्हणजे दहातले सहा वेळा तोही आउटच झाला होता! माझ्या तक्त्यात तो लाल दिसला असता. त्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याची सरासरी ०.३९९५ होती. न खेळता बसला असता तर कागदावर ०.४०० झाली असती. तो दोन्ही सामने खेळला, आठांत सहा हिट मारल्या.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर सचिनची सिडनीची २००४ मधली खेळी आठवा. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंनी त्या दौऱ्यात त्रास दिला होता, तर त्याने कव्हर ड्राइव्हच बाजूला ठेवला आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१ केल्या. जो फटका बघायला लोक तिकीट काढतात तोच मारायचा नाही, हे त्याने मैदानात उतरण्याआधी ठरवलं होतं.

हे सगळं वाचताना मला आपला दहावीचा वर्ग आठवला. बाई, तुम्ही समोरच बसला आहात म्हणून सांगते. गणिताचा पेपर हातात आला की पेन खाली ठेवायचं, सगळा पेपर एकदा वाचायचा आणि आपल्या गणितांवर बारीक खूण करायची. ‘आधी तुझी गणितं सोडव, परक्यांची नंतर,’ असं तुम्ही म्हणायचात. त्या एका सवयीवर मी इंजिनिअरिंग काढलं. रात्री दोनला सर्व्हर बंद पडला आणि चाळीस जण फोनवर ओरडत असले तरी आजही मी आधी तेच करते. आणि पोटच्या मुलीला मात्र मी प्रत्येक गणिताचा जाब विचारत होते.

तक्ता मी तिच्यासमोर पुसला. तिने शंभर पानी वही आणली. तिच्यात एकच प्रश्न असतो, ‘माझा चेंडू होता का?’ हिट झाली की नाही हा रकानाच नाही. वही मी बघायची नाही, असं ठरलं आहे. मैदानात आता ती आत जाण्याआधी बॅटवरच्या एका ठिपक्याकडे बघते, श्वास सोडते, काहीतरी पुटपुटते. दोन स्ट्राइक झाल्या की मूठ थोडी वर घेते आणि चौकट मोठी धरते, कारण तेव्हा आवडनिवड चालत नाही. हे सगळं जादूसारखं लागू पडलं असं समजू नका. दोन महिने ती वाईट चेंडूंवरही बॅट फिरवत होती आणि मी जाळीमागे दात आवळून बसत होते. गप्प बसणं हे मला कोडिंगपेक्षा अवघड गेलं.

माझे वडील टेल्कोत होते. सेकंड शिफ्ट करून रात्री यायचे. माझी परीक्षा असो की खो-खोचा सामना, दुसऱ्या दिवशी एकच विचारायचे, ‘जेवलीस का?’ तेव्हा मला वाटायचं, यांना काही पडलेलीच नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा सोलापूर. शेवटची खेळी, एका धावेने मागे, तिसऱ्या बेसवर आमची मुलगी उभी आणि दोघी आधीच आउट. माझ्या मुलीने पहिल्याच चेंडूला बॅट फिरवली. काय आवाज आला! चेंडू सणसणत गेला तो थेट शॉर्टस्टॉपच्या हातात. सामना गेला. तिने हेल्मेट काढलं, समोरच्या मुलींशी हात मिळवले, बाकावर बसून वही उघडली आणि एक शब्द लिहिला. काय लिहिला ते मला माहीत नाही.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, ‘जेवलीस का?’

‘नाही,’ ती म्हणाली, ‘भिगवणला थांबू या.’