आपलं वावर आणि जगाचा बाजार

कुणी भांडी आटोपून बसल्या असाल, कुणी वावरात झाडाखाली मोबाइलवर ऐकत असाल. आम्ही संग्रामपूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आपला हा जिल्ह्याचा उत्तरेचा भाग, वर सातपुडा, खाली पूर्णेचा खारपाणपट्टा. आज बोलायचं आहे ते आपल्या वावराबद्दल आणि जगाच्या बाजाराबद्दल. दोन्हींचं काय नातं, असं वाटेल. आम्हालाही तसंच वाटायचं.

2022 च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेल बाहेर पाठवणं तीनेक आठवडे बंद केलं. त्याआधी युक्रेनच्या लढाईने सूर्यफुलाचं तेल अडलेलं होतंच. इकडे गावच्या दुकानात तेलाची पिशवी महागली. गटाच्या बैठकीत त्याचीच कुरकुर चालली होती. तेव्हा आमच्यातली सगळ्यांत म्हातारी आजी म्हणाली, "तेल तं वावरात होतं वं पोरींहो. तुम्हीच काढून टाकलं."

आम्ही हसलो. मग हिशेब करायला बसलो आणि हसू थांबलं.

आजीच्या सुनवासात पऱ्हाटीच्या वावरात दर काही तासांनी ज्वारीचं नाही तर तुरीचं तास असे. मूग, उडीद, बरबटी, बांधाला अंबाडी, कडेला तीळ. रब्बीत जवस आणि करडी. जवसाचं तेल घाणीवरून यायचं, ढेप गाईला. ज्वारी कणगीत, कडबा गोठ्यात, शेण उकिरड्यावर आणि तिथून परत वावरात. बी राखायचं काम बायांचं. राखेत घोळून, मडक्यात घालून, तोंड शेणामातीने लिंपून. कोणतं कणीस बियाला ठेवायचं हे आजीला विचारल्याशिवाय कुणी ठरवत नसे.

आता त्याच वावरात सोयाबीन आहे. सोयाबीन आपण खात नाही. त्याच्या दाण्यात शंभरात अठराच्या आसपास तेल, बाकीची ढेप कोंबड्यांच्या खाद्याला आणि परदेशात जाते. म्हणून त्याचा भाव शेगावच्या किंवा खामगावच्या बाजारात नुसता पुकारला जातो, ठरतो दुसरीकडेच. ब्राझील-अर्जेंटिनात पीक किती आलं, बाहेरच्या तेलावर दिल्लीने कर किती लावला, यावर तो हलतो. 2024 च्या सप्टेंबरमध्ये कच्च्या तेलावरचा मूळ आयात कर 20 टक्के झाला, 2025 च्या मेअखेर तो 10 टक्क्यांवर आला. दुकानातली पिशवी स्वस्त व्हावी म्हणून कर उतरवायचा, आणि त्याच करापायी आपलं सोयाबीन पडायचं. पिशवी विकत घेणारी बाई आणि सोयाबीन सोंगणारी बाई एकच आहे, हे कुणाच्या ध्यानात येतं की नाही कोण जाणे.

2021 चा ऑगस्ट आमच्यापैकी कुणी विसरलेलं नाही. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. आमच्या घरांत मुलीच्या लग्नाचा, विहिरीच्या कर्जाचा हिशेब त्याच भावावर मांडला गेला. मग सरकारने 12 लाख टन सोयाबीनची ढेप बाहेरून आणायला परवानगी दिली. आमचं पीक बाजारात जाईस्तोवर भाव पार खाली आला होता. एका घरचं लग्न पुढे गेलं. ते झालं, पण सावकाराच्या पैशावर.

हे काही आजचं नाही. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. जलंब ते खामगाव ही रेल्वे 1870 साली सुरू झाली ती याच कापसासाठी. आणि 1899-1900 च्या दुष्काळात याच वऱ्हाडात लोक धान्यावाचून मेले. रूळ होते, कापूस होता. कणग्या रिकाम्या होत्या.

कापसाचंही सांगतो. 2002 पासून बीटी बियाणं आलं. ते संकरित, त्यामुळे सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता येत नाही, पाकीट दरसाल विकत. पहिली काही वर्षं बोंडअळी खरंच कमी होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. 2017 साली गुलाबी अळीने बोंडं आतून पोखरली आणि फवारणीचा खर्च पुन्हा तिथेच. 2025 च्या ऑगस्टात परदेशी कापसावरचा 11 टक्के कर माफ झाला आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. म्हणजे नेमकी आपल्या वेचणीच्या दिवसांत.

खारपाणपट्ट्यातल्या बायांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. आपल्या विहिरीचं पाणी पिकाला दिलं की जमीन दगडासारखी होते. आपलं सगळं पावसावर. देशी कापसाचं सोटमूळ खोल जायचं, पावसाने ताण दिला तरी झाड तग धरायचं. सोयाबीन पंधरा-वीस दिवसांच्या खंडात माना टाकतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेए-7 सारखे देशी वाण दिले आहेत. पण त्यांचा धागा आखूड, गिरणीला लांब धागा हवा, आणि बोंड उकललं की कापूस खाली गळतो, वेचणीला थांबता येत नाही. म्हणून सगळ्यांनी एकदम देशीकडे वळा असं आम्ही सांगणार नाही. घर रोख पैशावरही चालतं.

आम्ही एवढंच ठरवलं आहे की या मृगात प्रत्येकीच्या वावरात काही तासं घरच्यासाठी. ज्वारी, तूर, बांधाला अंबाडी, आणि रब्बीत थोडं जवस. घरी यावरून वाद झाले. "ज्वारी पाखरं खातात, उरली तं डुकरं अन् रोही," असं मालकांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. एकटीच्या वावरात ज्वारी असली की सगळ्या शिवारातली पाखरं तिथेच उतरतात. म्हणून आम्ही लागून असलेल्या सात वावरांत एकाच बाजूला ज्वारी पेरणार आहोत, राखणीच्या पाळ्या वाटून घेणार आहोत. दोघींच्या घरून अजून होकार आलेला नाही. त्यातल्या एकीच्या सासूबाई रोज हा रेडिओ ऐकतात, म्हणून मुद्दाम सांगतो, काकू, तुमच्या वावराशिवाय आमची रांग मधेच तुटते हो.

गावरान ज्वारीचं बी आम्हाला डोंगरातल्या भिलाला बायांकडून मिळालं, अदलाबदलीत. आम्ही मुगाचं बी दिलं. ज्यांच्या माळ्यावर अजून जवसाचं किंवा लाल अंबाडीचं जुनं बी असेल त्यांनी मूठभर घेऊन या, आधी ओल्या फडक्यात बांधून शंभर दाणे उगवून पाहू. पेरणी तोंडावर आली आहे. पुढच्या सोमवारी दुपारी आम्ही समाजमंदिरात बसलेल्या असू.