अमेरिकेचा निकाल आणि तारापूरचे इंधन

(पालघर येथे सप्टेंबर 2025 अखेरीस शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गेल्या महिन्यात, 27 ऑगस्टला, अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेले. औषधे तूर्त सुटली, कापड सुटले नाही. आपल्या तारापूर एमआयडीसीत दोन्ही धंदे आहेत. एका गेटवर हायसे वाटले असेल, तर पुढच्या गेटवर ऑर्डरींची धास्ती आहे. या काळात एक वाक्य सारखे कानावर येते : ‘गेल्या नोव्हेंबरात तिकडे निवडणुकीचा निकाल लागला, तेव्हाच आपले नशीब ठरले.’ हे वाक्य मला मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी लांब जायला नको. घिवलीच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या अणुऊर्जा केंद्राचीच कहाणी पुरेशी आहे.

8 ऑगस्ट 1963 रोजी भारत-अमेरिका करार झाला. अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, बांधकाम बेक्टेलचे, आणि तीस वर्षे इंधन अमेरिकेचे. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम अंश जेमतेम 0.7 टक्के असतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांना तो दोन-अडीच टक्क्यांपर्यंत वाढवलेला लागतो आणि ते तंत्र तेव्हा आपल्याकडे नव्हते. पुढे समृद्ध युरेनियम अमेरिकेतून यायचे ते हैदराबादच्या इंधन संकुलात. तिथे त्याच्या गोळ्या बनायच्या, त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्यांत भरल्या जायच्या, अशा 36 नळ्यांची एक जुडी व्हायची आणि ती जुडी तारापूरला यायची. ऑक्टोबर 1969 पासून महाराष्ट्र आणि गुजरात या विजेवर दिवे लावत होते. पण करारात एक अटही होती : या केंद्रात अमेरिकेखेरीज दुसऱ्या कुणाचे इंधन वापरायचे नाही. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचे, आणि ओंजळही एकाचीच!

18 मे 1974 रोजी पोखरणला स्फोट झाला आणि वॉशिंग्टनचा नूर पालटला. 1976च्या निवडणुकीत जिमी कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसाराला आळा घालणे हा प्रचाराचा मुद्दाच केला. 2 नोव्हेंबरला ते निवडून आले. ज्यांना तारापूरच्या भट्ट्या चालवायच्या होत्या, त्यांनी या निकालाचा धसका घ्यावा हे स्वाभाविकच होते. मतदान ओहायो-टेक्सासात, आणि वीज जाण्याची भीती आपल्या किनाऱ्यावर.

तो धसका खोटा ठरला असे मी म्हणणार नाही. जानेवारी 1978 मध्ये कार्टर दिल्लीत आले. मायक्रोफोन चालू आहे याची कल्पना नसताना, पंतप्रधान मोरारजीभाई देसाईंना थंड, रोखठोक पत्र लिहायला हवे, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले आणि ते जगभर पोचले. 10 मार्च 1978 रोजी त्यांनी नव्या कायद्यावर सही केली : जो देश आपली सगळी अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली करणार नाही, त्याला इंधन नाही. तारापूर आधीपासूनच तपासणीखाली होते. अडचण बाकीच्या केंद्रांची होती, आणि तिथे नकार देण्यात मोरारजीभाई इंदिराजींइतकेच ठाम राहिले.

आता दुसरी बाजू. कार्टर हरले असते तर तारापूर निर्धास्त झाले असते काय? मतदानाच्या पाच दिवस आधी, 28 ऑक्टोबरला, त्यांचे प्रतिस्पर्धी जेराल्ड फोर्ड यांनीही अणुधोरण कडक करण्याची घोषणा केली होती. वारे दोन्ही पक्षांत एकाच दिशेने वाहत होते. आणि ज्या कार्टर यांची आपण धास्ती घेतली, त्यांनीच दोन वेळा इंधन सोडले. एप्रिल 1978 मध्ये तिथल्या अणुनियामक आयोगात परवान्यावर दोन विरुद्ध दोन अशी मते पडली, तेव्हा कार्टर यांनी स्वतःच्या आदेशाने मंजुरी दिली. 1980 मध्ये आयोगाने 38 टन इंधन एकमताने नाकारले. कार्टर यांनी ते पुन्हा मंजूर केले. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या होत्या, अशा वेळी दिल्लीशी तुटू नये हा त्यांचा हिशेब होता. प्रतिनिधीगृहाने 298 विरुद्ध 98 मतांनी विरोध केला. सिनेटही विरोधात गेले असते तर इंधन अडलेच असते. सिनेटमध्ये 48 विरुद्ध 46 मते पडली. दोन मतांनी आपले इंधन सुटले! बोईसरच्या शाळांतून नागरिकशास्त्र शिकवताना हा आकडा फळ्यावर लिहावा, असे मला मनापासून वाटते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात रोनाल्ड रेगन निवडून आले. त्यांच्या काळातही अमेरिकन इंधनाचा पुरवठा काही सुरळीत झाला नाही. 1982 मध्ये इंदिराजींच्या भेटीत तोडगा निघाला तो असा की, करार तोच, पुरवठा फ्रान्सने करायचा. 1993 मध्ये तीस वर्षे संपली. मग 1995 मध्ये चीनकडून इंधन आले, 2001 मध्ये रशियाकडून. रशियाच्या त्या पुरवठ्याला जॉर्ज बुश यांच्या नव्या सरकारने जाहीर आक्षेप घेतला. त्याच बुश यांनी 18 जुलै 2005 रोजी मनमोहन सिंग यांच्याबरोबर जे संयुक्त निवेदन काढले, त्यात तारापूरचे नाव घेऊन इंधनपुरवठ्याचा त्वरेने विचार करण्याचे आश्वासन आहे. माणूस तोच, चार वर्षांत भूमिका उलटी.

म्हणून निकालाच्या रात्री विजयी चेहऱ्याकडे पाहून धीर सोडू नये असे मी म्हणतो. आयोगात कोण बसले आहे, कायद्यात पळवाट कुठे आहे, कुंपणावरचे सिनेटर कोणते, हे पाहायला हवे. आज शुल्कासाठी ज्या आपत्कालीन अधिकारांच्या कायद्याचा आधार घेतला जातो, तो 1977चा आहे आणि त्यावर सही कार्टर यांचीच आहे. 29 ऑगस्टला तिथल्या अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी सांगितले की, हा कायदा अशी सरसकट शुल्के लावू देत नाही. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे, सुनावणी नोव्हेंबरात. शुल्के तोवर चालूच आहेत. खटला भरणाऱ्यांत काही राज्ये आहेत आणि छोटे व्यापारी आहेत, कुणी वाइन मागवणारा, कुणी शैक्षणिक खेळणी मागवणारा. त्यांना बोईसर कुठे आहे हे ठाऊक नसेल. पण माल मागवणाऱ्याचे जे दुखणे आहे तेच माल पाठवणाऱ्याचे आहे. इथल्या निर्यातदारांनी त्या खटल्याची कागदपत्रे मागवून वाचावीत, त्यांच्या संघटनेने त्यासाठी एक जाणता वकील नेमावा, आणि सुनावणीची तारीख आत्ताच लिहून ठेवावी : 5 नोव्हेंबर.